गल्ला पुढच्या दाराला, कमाई मागच्या दाराने

महिन्याच्या शेवटच्या तारखेला संध्याकाळी साडेसहानंतर फोन वाजला की आमच्या ऑफिसात कोणी चटकन उचलत नसे. पलीकडे बायर, म्हणजे सुपरमार्केटचा खरेदी बघणारा माणूस असणार, हे सगळ्यांना ठाऊक. मी 11 वर्षं पुरवठादार कंपनीत सेल्समध्ये काढली आणि त्यातली बरीचशी एका मोठ्या सुपरमार्केट साखळीचं खातं सांभाळण्यात गेली. (नाव विचारू नका, सांगणार नाही.) बायर तसा सज्जन. आधी घरच्यांची चौकशी, मग आवाज खाली आणून, "मॅडम, क्वार्टर जरा कमी पडतोय. तुमच्याकडून काही होईल का?"

'काही' म्हणजे क्रेडिट नोट, आमच्या बिलातून इतके पैसे कापून घ्या असं लिहून देणारा कागद. कशाबद्दलची? "प्रमोशन सपोर्ट लिहा." कुठलं प्रमोशन, असं मी एकदा विचारलं. तो हसला. "ते बघू ना, मॅडम."

बाहेरच्या माणसाला वाटतं, सुपरमार्केट म्हणजे स्वस्तात घ्यायचं आणि थोडं महाग विकायचं. तो झाला फ्रंट मार्जिन. पण धंद्यातली खरी गंमत बॅक मार्जिनमध्ये, म्हणजे पुरवठादाराकडून निघणाऱ्या पैशांत असते. माल शेल्फवर लावायची लिस्टिंग फी, डोळ्यांच्या उंचीवरच्या जागेचे वेगळे पैसे, रांगेच्या टोकाला मांडणी हवी तर त्याचे वेगळे, वर्षभरात अमुक इतका माल उचलला तर त्यावर रिबेट. शिवाय उधारी. समजा माल 10 दिवसांत विकला गेला आणि पुरवठादाराला पैसे द्यायचे 60 दिवसांनी, तर मधले 50 दिवस साखळी आमच्या पैशांवर चालते, तेही बिनव्याजी. यात बेकायदा काही नाही. मोठ्या खरेदीदाराला वजन असतं, ते तो वापरणारच. किराण्यातला निव्वळ नफा शंभराला दोन-तीन इतकाच, त्यामुळे मागच्या दाराने येणारा प्रत्येक पैसा गोड लागतो. माझं भांडण पुढच्या पायरीशी आहे. हा पैसा एकदा अंगवळणी पडला की वरचे लोक त्यावरच टार्गेट बांधायला लागतात.

ब्रिटनमधल्या टेस्को या सुपरमार्केट साखळीची गोष्ट मला म्हणूनच राहून राहून आठवते. ही ग्राहकाकडे दुर्लक्ष करणारी कंपनी नव्हे. 1995 साली त्यांनी क्लबकार्ड आणलं, म्हणजे खरेदीवर पॉइंट देणारं ग्राहकांचं कार्ड, आणि त्याच वर्षी सेन्सबरीज या प्रतिस्पर्धी साखळीला मागे टाकून देशात पहिल्या नंबरवर आले. कार्डाच्या चाचणीचे आकडे संचालक मंडळापुढे मांडले गेले, तेव्हा अध्यक्ष इयन मॅक्लॉरिन यांच्या तोंडून निघून गेलं की तुम्हाला तीन महिन्यांत माझ्या ग्राहकांविषयी जे कळलं, ते मला तीस वर्षांत कळलं नव्हतं. कोण काय घेतं, कधी घेतं, काय घ्यायचं बंद केलं, सगळं त्यांच्यापुढे उघडं होतं.

आणि तरी 2014 च्या सप्टेंबरमध्ये याच कंपनीला जाहीर करावं लागलं की सहामाहीच्या नफ्याचा आपला अंदाज सुमारे 25 कोटी पौंडांनी फुगलेला होता. (पुढे तो आकडा 26.3 कोटींवर गेला.) कारण वाचलं आणि मी एकटीच मोठ्याने हसले. पुरवठादारांकडून मिळणारं उत्पन्न वेळेआधीच जमेला धरलं होतं आणि खर्च पुढे ढकलले होते. त्यांचं इंग्रजी भारदस्त होतं, 'कमर्शियल इन्कम' वगैरे. मला मात्र साडेसहाचा फोन ऐकू येत होता.

त्या आर्थिक वर्षात टेस्कोने करपूर्व 6.4 अब्ज पौंडांचा तोटा दाखवला. त्यातला मोठा भाग दुकानांच्या मालमत्तेची किंमत कमी धरल्यामुळे होता, हेही सांगायला हवं. 2017 मध्ये 12.9 कोटी पौंडांचा दंड भरला. ज्या तीन माजी अधिकाऱ्यांवर खटला चालला, ते मात्र निर्दोष सुटले. मला त्याचं नवल वाटलं नाही. अशा ठिकाणी कोणी खोलीत बसून कट रचावा लागतच नाही. वरून आकडा येतो. टेस्कोचा ब्रिटनमधला ट्रेडिंग मार्जिन, म्हणजे विक्रीतून हाती राहणारा नफा, तेव्हा 5 टक्क्यांच्या पुढे होता आणि तो तसाच राहील असं बाजाराला सांगून ठेवलेलं होतं. बाजूला आल्डी आणि लिडल या स्वस्त दुकानांच्या साखळ्या भाव पाडत होत्या. भाव वाढवावा तर ग्राहक जातो, मार्जिन सोडावा तर शेअर पडतो. मग उरतो कोण? पुरवठादार.

सगळ्यात मोठं नुकसान शेल्फवर होतं आणि ते हिशेबात कुठे दिसत नाही. प्रत्येक नव्या वस्तूची लिस्टिंग फी मिळत असेल, तर बायर कशाला नाही म्हणेल? टेस्कोच्या यादीत 90 हजारांच्या आसपास वस्तू झाल्या होत्या. टोमॅटो केचप 28 तऱ्हेचं, तर आल्डीमध्ये एकच. आल्डीच्या दुकानात सगळ्या मिळून दोनेक हजार वस्तू. एकच केचप असलं की त्याची ऑर्डर प्रचंड मोठी, त्यामुळे भाव आपोआप खाली, गोदाम सुटसुटीत, मांडणाऱ्या पोराचा वेळ वाचतो आणि ग्राहक दोन मिनिटं उभा राहून डोकं खाजवत नाही. आम्हीसुद्धा दर वर्षी नवा फ्लेवर काढायचो. त्यातले निम्मे विकायला नव्हतेच, शेल्फवरची आपली जागा दुसऱ्याने घेऊ नये म्हणून होते! फी भरायची, जागा अडवायची, वर्षाने माल परत घ्यायचा. दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या बोनसवर खूश.

टेस्कोला सावरायला आलेला डेव्ह लुइस युनिलिव्हरमधून आला होता, म्हणजे टेबलाच्या आमच्या बाजूने. कंपनीच्या इतिहासात पहिल्यांदाच बाहेरचा माणूस सर्वोच्च खुर्चीत बसला आणि तीन आठवड्यांत फुगलेल्या नफ्याचा हा हिशेब त्याच्या पुढ्यात आला. त्याने विमानं विकली, मुख्यालय बंद केलं, 43 दुकानांना टाळं लावलं. ही कामं कोणीही नवा साहेब करतो. मला मोलाच्या वाटतात त्या दुसऱ्या दोन गोष्टी. त्याने वस्तूंची यादी निर्दयपणे छाटायला घेतली, आणि अगदी लहान पुरवठादारांना 14 दिवसांत पैसे देण्याचं कबूल केलं.

अर्थात, जुनं सगळं तोवर उकरून निघालंच. ब्रिटनमध्ये पुरवठादारांच्या तक्रारींसाठी एक स्वतंत्र अधिकारी असतो, ग्रोसरीज कोड ॲज्युडिकेटर. तेव्हा त्या पदावर क्रिस्टीन टेकन होत्या. 2016 च्या त्यांच्या अहवालात आहे की टेस्को मुद्दाम देणी लांबवत होती. एका पुरवठादाराचे तर कित्येक दशलक्ष पौंड चूक मान्य करूनही वर्षाहून अधिक काळ अडकले होते. दंड मात्र झाला नाही, कारण दंडाचा अधिकार 2015 मध्ये आला आणि प्रकरण त्याआधीचं. तो अहवाल मी कादंबरीसारखा एका बैठकीत वाचला. (नवऱ्याला अजून कळलेलं नाही की त्यात एवढं काय होतं.)

माझं मत विचाराल तर बायरच्या बोनसमधून बॅक मार्जिन काढून टाका. त्याने आणलेला माल किती फिरला, किती पडून राहिला, भाव किती उतरवता आला, एवढ्यावर त्याला मोजा. पहिली दोन वर्षं नफा दणकून खाली येईल आणि संचालक मंडळ घाबरेल. म्हणूनच बहुतेक ठिकाणी हे होत नाही. आमच्या बायरला त्याच्या साहेबाने कधी विचारलं नसेल की या वस्तू कोण घेतं. विचारायचे ते एकच, "व्हेंडरकडून किती आले?"

मी नोकरी सोडली तेव्हा खातं एका नव्या मुलाच्या हवाली केलं. हुशार मुलगा. न जुळलेल्या क्रेडिट नोटांची फाइल चाळता चाळता एका कागदावर थांबला आणि म्हणाला, "मॅडम, हा प्रमोशन सपोर्ट कुठल्या प्रमोशनचा?"

माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं, "ते बघू ना."