‘छोटा सेट नुसता दाखवायला आणला’ या तक्रारीबद्दल

नमस्कार सर,

तुमच्या कार्यक्रमाला आम्ही एक मोठा आणि एक छोटा असे दोन जनरेटर सेट भाड्यानं दिले होते. कार्यक्रम ऐन रंगात असताना ११ मिनिटं अंधार झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. रिव्ह्यूमध्ये एकच तारा दिलात, तोही मान्य. पण ‘सगळा लोड मोठ्या सेटवर, छोटा नुसता दाखवायला आणला आणि भाडं मात्र दोन्हींचं लावलं’ हे वाचल्यापासून डोळ्याला डोळा लागलेला नाही. इतकी वर्षं हा धंदा करतोय, फसवल्याचा आरोप आजवर कुणी केला नव्हता.

तुम्हीच टाकलेला मीटरचा फोटो बघा. एकावर १२० किलोवॅट, दुसऱ्यावर ६०. पण मोठा सेट २५० केव्हीएचा (केव्हीए म्हणजे सेटची एकूण क्षमता) आणि छोटा १२५ चा होता. त्यातला प्रत्यक्ष कामाच्या विजेचा हिस्सा, म्हणजे पॉवर फॅक्टर, ०.८ धरला तर २०० आणि १०० किलोवॅट. २०० पैकी १२० म्हणजे ६० टक्के आणि १०० पैकी ६० म्हणजेही ६० टक्केच. दोन्ही सेट सारखेच राबत होते, सर. पॅरलल, म्हणजे एकत्र जोडून, चालणाऱ्या सेटमध्ये लोड ज्याच्या त्याच्या ताकदीप्रमाणे वाटायचा असतो, निम्मा-निम्मा नाही. दोन्ही सेट जुळवून लोड वाटणारं सिंक पॅनल ऑटोवर होतं आणि ते नेमकं हेच करत होतं.

मग तुमच्याकडच्या एका गृहस्थांनी आमच्या ऑपरेटरला ‘दोन्हीकडे सारखा आकडा आण’ म्हणून धारेवर धरलं. पार्टीला नाही कसं म्हणायचं, म्हणून त्यानं पॅनल मॅन्युअलवर घेतलं. आधी, त्यांच्याच सांगण्यावरून, छोट्याचं व्होल्टेज वाढवलं. किलोवॅट हलले नाहीत. हलणारही नव्हते, कारण व्होल्टेजनं केव्हीएआर (प्रत्यक्ष काम न करणारी वीज) सरकतात. किलोवॅट सरकवायचे तर इंजिनाला डिझेल जास्त द्यावं लागतं. मग डिझेल कमी-जास्त करणाऱ्या गव्हर्नरवर स्पीड वाढवला, छोट्यानं मोठ्याकडचा लोड ओढून घेतला आणि मीटरवर ९०-९० दिसू लागलं. गृहस्थांचं समाधान झालं. पण आता मोठा ४५ टक्क्यांवर निवांत आणि छोटा ९० टक्क्यांवर धापा टाकत होता.

तेवढ्यात एसीची मोठी मोटर सुरू झाली. थेट सुरू होणारी मोटर पहिल्या काही क्षणांत नेहमीच्या पाच-सहा पट करंट खेचते. छोट्याचा ब्रेकर पडला, त्याचा सगळा लोड एका झटक्यात मोठ्यावर आला, फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झवरून घसरली आणि मोठाही ट्रिप झाला. पुन्हा चालू करताना सगळे फीडर (लोडकडे वीज नेणाऱ्या लाइन) उतरवून आधी एक सेट घ्यावा लागतो, मग दुसऱ्याचं व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी आणि फेज जुळल्यावरच त्याचा ब्रेकर मारता येतो. न जुळवता मारला तर वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरला आणि त्याला इंजिनाशी जोडणाऱ्या कपलिंगला जबर दणका बसतो. ११ मिनिटं त्यात गेली.

ऑपरेटरनं पॅनलला हात लावायच्या आधी मला फोन करायला हवा होता. ती चूक आमची, आणि त्याला ते सांगितलंय. पॅनलच्या दाराला यापुढे कुलूप राहील, बाकीही काही सुधारणा करतोय.

तुमचं अंधाराबद्दलचं लिखाण तसंच राहू द्या. भाड्याबद्दलची तेवढी ओळ, हिशेब पटला असेल तर, काढावी ही विनंती.