काकू, फ्रेममध्ये येताय!

गेल्या रविवारी सकाळी सव्वासहाला मी पुण्यातल्या पाषाण तलावाच्या काठी दुर्बीण डोळ्याला लावून उभी होते. समोर चिखलात एक वंचक, म्हणजे बगळ्याचाच एक भाऊबंद, मान आखडून बसला होता. वंचक बसला की मातीचा होतो, उडाला की एकदम पांढराशुभ्र, म्हणून तर त्याचं नाव वंचक. पाच मिनिटं झाली, सात झाली. आता हा मान ताणणार आणि काहीतरी उचलणार, एवढ्यात मागून आवाज आला, "काकू, जरा बाजूला होता का? फ्रेममध्ये येताय."

वळून पाहिलं तर सहा जण. सहा ट्रायपॉड. त्यांच्यावर चढवलेल्या लेन्सेस एवढ्या लांब, की मला वाटलं पाषाणवर चढाईच झाली. 'काकू' म्हटल्याचा राग नाही. (आहे थोडा.) मी बाजूला झाले. वंचक उडून गेला तो गेलाच. पण पुढचा तासभर मी जे पाहिलं त्यावरून लक्षात आलं की गेली पंचवीस वर्षं मी हा छंद चुकीच्या पद्धतीने जोपासला आहे. तुमचं तसं होऊ नये, म्हणून हे चार सल्ले.

आधी लेन्स घ्या. पक्षी नंतर बघता येतील. दुर्बिणीच्या नादी तर अजिबात लागू नका. माझी ८ बाय ४२ची आहे, म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर. तिचा मोठा दोष म्हणजे तिच्यातून पक्षी नुसता दिसतो. दिसला, मजा आली, संपलं. संध्याकाळी लोकांना काय दाखवणार? त्यापेक्षा ६०० मिलिमीटरची लेन्स हप्त्याने घ्या. घरच्यांना किंमत सांगताना शेवटचं शून्य गाळा.

कपडे लष्करी छापाचे हवेत. पाषाणला तर हवेतच, कारण तिथे लाफ्टर क्लब, कुत्री फिरवणारे आणि फोनवर मोठ्यांदा शेअर बाजार बोलत चालणारे यांच्यापासून लपायचं असतं. पुष्कळ पक्ष्यांना आपल्याहून जास्त रंग दिसतात, अतिनीलसुद्धा दिसतो, हे मनावर घेऊ नका. जॅकेटखाली पांढरेफटक बूट घाला आणि फोनची रिंगटोन सनईची ठेवा.

नावं शिकू नका. लांब पायांचा पांढरा तो बगळा, लांब पायांचा गुलाबी तो फ्लेमिंगो, उरलेली सगळी बदकं. चोचीच्या मुळाशी कुंकवाचे ठिपके आणि टोकाला हळद, म्हणून हळदी-कुंकू बदक. काळ्या अंगावर कपाळी पांढरा टिळा, म्हणून वारकरी. पाण्यात टुबुककन बुडते आणि भलतीकडेच वर येते ती टिबुकली. किती मागासलेली नावं! बघून बघून, हसत हसत कोणीतरी ठेवलेली. मारुती चितमपल्लींनी जन्मभर रानोमाळ हिंडून, आदिवासींना विचारून असली नावं गोळा केली, तेव्हा बहुधा त्यांच्याकडे अ‍ॅप नव्हतं. आपल्याकडे आहे. फोटो काढा, अ‍ॅपला विचारा, अ‍ॅप सांगेल ते इंग्रजी नाव चिकटवा आणि 'लायफर', म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच दिसलेला पक्षी, म्हणून जाहीर करा. दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर राज्यात पक्षी सप्ताह असतो. पाच तारीख चितमपल्लींच्या जन्मदिवसाची, बारा सालिम अलींच्या. तेवढ्या आठवड्यात दोघांचे फोटो स्टेटसला ठेवले की वर्षभराचं पुण्य पदरात.

जलपर्णीबद्दल मी काही बोलणार नाही. सुशोभीकरणाबद्दल तर नाहीच नाही.

पक्षी झुडपातून बाहेर येत नसेल तर वाट बघत बसू नका. वाट बघायला आपण काय रिकामटेकडे? खिशातून ब्लूटूथ स्पीकर काढा आणि त्याच पक्ष्याचा आवाज मोठ्यांदा लावा. विणीच्या दिवसांत नराला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा कोणी घुसला. खाणंपिणं सोडून तो तावातावाने बाहेर येतो, या फांदीवरून त्या फांदीवर नाचतो, ओरडून ओरडून घसा कोरडा करतो, आणि शत्रू कुठेच दिसत नाही. उद्या पहाटे साडेपाचला तुमच्या दारात कोणी "हा फ्लॅट माझा आहे, बाहेर हो" असं तासभर ओरडत उभं राहिलं, तर तुमचाही असाच उत्तम फोटो येईल. तुम्ही निदान सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार तरी करू शकाल.

खायला फरसाण न्या. तुमच्यासाठी नाही, पाण्यावरच्या कुरव पक्ष्यांसाठी.

पाषाण आटोपलं की भिगवण. पहाटे चारला निघा, सोलापूर रोडने शंभरेक किलोमीटर, वाटेत चहा, उजाडता उजाडता बोटीत. भीमेवर उजनी धरण झालं, त्याला चार दशकं होऊन गेली. त्याचं फुगवट्याचं उथळ पाणी आणि गाळ पक्ष्यांना मानवला, म्हणून ही सगळी गर्दी. रोहित, म्हणजे तुमचे फ्लेमिंगो, तिथे चोच उलटी करून, डोकं पाण्यात घालून तासन्‌तास गाळ गाळून खात असतात. आता डोकं पाण्यात असलेल्या पक्ष्याचा फोटो कोण लाइक करणार? म्हणून बोटवाल्याला सांगायचं, "काका, उडवा की एकदा!" काका बिचारे इंजिनाचा आवाज वाढवतात, कारण फेरीचे पैसे तुम्ही देणार आहात आणि नाही म्हटलं तर तुम्ही शेजारच्या बोटीत बसणार आहात. थवा पाण्यावरून धावत धावत वर उठतो, गुलाबी पंख उघडतात, आणि सगळ्या बोटीतून कटकटकटकट. तो खाली टेकला की दुसरी बोट तयारच असते. पट्टकादंब हंसांनाही सोडू नका. एवढा हिमालय ओलांडून आलाय तो, तुमच्यासाठी आणखी एकदा उडायला त्याचं काय जातं? परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवायला हे पक्षी इथे येतात, असं काही चिकट लोक सांगत असतात. त्यांना बोटीत घेऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लोकेशन.

कोणीही, कुठलाही फोटो टाकला की खाली पहिलं वाक्य हेच लिहायचं: "लोकेशन प्लीज." फोटो छान आहे, हे नंतर. पक्षी कोणता, काय करत होता, हे विचारायचंच नाही. मे महिन्याच्या सुरुवातीला तलावाच्या पलीकडच्या अंगाला, मुरमाच्या उघड्या जागेत, मला टिटवीचं घरटं दिसलं. घरटं आपण म्हणायचं. खडे सारून केलेला एक खळगा आणि त्याच्या कडेला सुक्या गवताचे चार झुपके. त्यात चार अंडी, टोकं आत वळवून ठेवलेली, मातकट रंगाची, काळ्या डागांची. पायाखाली यायची वेळ आली तरी दिसू नयेत अशी. मी लांब एका बाभळीखाली बसून बघायचे. नर आणि मादी पाळीपाळीने अंडी सांभाळत होते. उन्हं तापली की अंड्यांवर सावली धरून उभे राहायचे. एकदा तर एक जण पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवून आला आणि ते ओलं पोट अंड्यांवर टेकवून बसला. कूलर, समजा. असे साधारण चार आठवडे काढायचे असतात त्यांना. त्यांतले दहा-बारा दिवस मी पाहिले.

आणि मग माझी जीभ वळवळली. एका ग्रुपवर मी लिहिलं, ओलं पोट वगैरे. जागा लिहिली नाही, एवढी अक्कल होती. अर्ध्या तासात अकरा 'लोकेशन प्लीज'. त्यांतल्या एका ओळखीच्या, सभ्य, वयाने मोठ्या गृहस्थांना मी खाजगीत सांगितलं. फक्त त्यांना. पुण्यात एकाला सांगणं म्हणजे लक्ष्मी रोडवर फ्लेक्स लावणं, हे मला चाळीस वर्षं या गावात राहूनही कळू नये?

तर रविवारचे ते सहा जण वंचकासाठी आलेच नव्हते. ते पलीकडच्या अंगाला निघाले तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. मी मागोमाग गेले. तोवर त्यांनी घरट्याभोवती अर्धगोल केला होता. पाच-सात पावलांवरून. गवत आड येत होतं, म्हणून एकाने ते चारही झुपके उपटून बाजूला फेकले. बॅकग्राउंड क्लीन हवी ना. एका अंड्याचे डाग नीट दिसत नव्हते, म्हणून दुसऱ्याने ते काटकीने फिरवलं. काटकीने! टिटव्या दोन्ही डोक्यावरून घिरट्या घालून ओरडत होत्या. आपल्याकडे म्हणतात ना, टिटवी ओरडली की काहीतरी वाईट घडतं. घडतच होतं, तिच्याच घरी. मग त्यांतली एक जमिनीवर उतरली आणि पंख मोडल्यासारखा फरफटत लंगडायला लागली. मला धरा, माझ्या मागे या, तिकडे बघू नका. कुत्रं फसतं त्याला, मुंगूस फसतं. हे सहा जण म्हणाले, "मस्त अ‍ॅक्शन!" आणि सेकंदाला वीस फ्रेमच्या वेगाने बटणं दाबली.

मी म्हटलं, "अहो, ती अंड्यांवर येऊ शकत नाहीये. ऊन चढतंय."

"काकू, आम्ही नेचर लव्हर आहोत."

पन्नास मिनिटं. मी घड्याळ बघत होते. पन्नास मिनिटं अंडी उघडी, आणि हे स्क्रीनवर एकमेकांना डोळ्यातली चमक आली की नाही ते दाखवतायत. मी काय केलं? दोनदा बोलले, तिसऱ्यांदा आवाज चढवला, तर एकाने माझाही फोटो काढला.

सोमवारी गेले तर खळग्यात कवचाचे दोन तुकडे. कावळा आला की कुत्रं, मी पाहिलं नाही. गवत उपटलेलं होतं आणि तिथवर सहा जणांच्या बुटांनी मळवलेली वाट होती, एवढं पाहिलं. मंगळवारी फोटो आला. टिटवी पंख पसरून लंगडते आहे. खाली लिहिलंय 'मदरहुड', पुढे तीन हृदयं. आणि त्याखाली, अर्थातच, लोकेशन प्लीज.

सल्ले देत होते ना मी? राहू देत. अरे, जरा तरी लाज बाळगा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या आहे, ती एकदा वाचा. रानपाखरांची अंडी किंवा घरटी यांना त्रास देणं त्या व्याख्येतच बसतं. म्हणजे तुम्ही त्या दिवशी शिकार केलीत. बंदूक नव्हती, एवढंच. निसर्गप्रेमी म्हणवून घेता आणि दहा मिनिटं गप्प उभं राहता येत नाही? पक्षी लांब आहे तर लांबचा फोटो काढा. गवत आड येतंय तर येऊ दे, ते त्याचं गवत आहे. घरटं दिसलं तर उलट्या पावली मागे फिरा आणि तोंड बंद ठेवा. ती चार पिल्लं अंड्यातून निघाली की त्याच दिवशी आईमागे तुरुतुरु पळायला लागतात. ते तुम्ही कधी पाहिलंय? मी पाहिलंय, दोनदा. यंदा तिसऱ्यांदा पाहिलं असतं.

आणि त्या सभ्य गृहस्थांना मी फोन केला. ते म्हणाले, "मी तर फक्त दोघांनाच सांगितलं होतं." त्यांना काय बोलू? मीही एकालाच सांगितलं होतं.

ग्रुप अजून सोडलेला नाही. काल रात्री तिथे कोणीतरी विचारलंय, नवरंग आला का कुठे, लोकेशन प्लीज.

आलाय. सांगणार नाही.