‘फेडर ७ च्या खाली आणलात तर पिक्चर मारलात’ हे जे फिरतंय त्याला उत्तर

सध्या एक दावा सगळीकडे शेअर होतोय की थिएटरमधल्या साऊंड प्रोसेसरचा फेडर (हॉलचा आवाज कमी-जास्त करायचं मुख्य बटण) ७ वरच असला पाहिजे, पिक्चर ७ वरच मिक्स झालेला (डायलॉग, म्युझिक, इफेक्ट एकत्र जुळवलेला) असतो, ८५ डेसिबल कानाला सेफ असतात, खाली आणलं की डायलॉग ऐकू येत नाहीत आणि ज्यांना सहन होत नाही त्यांनी घरी बघावं. यातलं बरंचसं अर्धं खरं आहे म्हणूनच लोकांना पटतंय, पण त्यापायी माणसं कानात बोटं घालून पिक्चर बघतायत, तर एकेक मुद्दा घेऊ.

७ हा आकडा आला कुठून? डॉल्बीच्या प्रोसेसरवर ती कॅलिब्रेशनची, म्हणजे आवाज ठरलेल्या मापाला लावायची, खूण आहे. रिकाम्या हॉलमध्ये पडद्यापासून साधारण दोन तृतीयांश अंतरावर मीटर ठेवतात, एकेका चॅनलमधून (म्हणजे स्पीकरच्या एकेका स्वतंत्र वाटेतून) पिंक नॉइज नावाचा टेस्टचा खरखराट सोडतात आणि पडद्यामागचा प्रत्येक चॅनल सी-वेटिंगवर (मीटरची खालचे, घुमणारे आवाजही जवळपास पूर्ण मोजणारी सेटिंग) ८५ डेसिबल दाखवेपर्यंत लेव्हल लावतात, ५.१ मध्ये (पडद्यामागे तीन चॅनल, हॉलच्या बाजूंना दोन सराउंड आणि एक सबवूफर) सराउंडची प्रत्येक बाजू ८२ ला. मिक्सिंग स्टेजवरही (जिथे पिक्चरचा आवाज मिक्स होतो त्या स्टुडिओतही) असंच लावलेलं असतं म्हणून तिथलं आणि इथलं जुळतं. इथपर्यंत दावा बरोबर आहे. पण ही जुळवाजुळवीची खूण झाली, प्रत्येक हॉलमध्ये प्रत्येक शो तिथेच चालवा अशी सक्ती त्यातून निघत नाही. छोट्या हॉलमध्ये भिंती आणि स्पीकर जवळ असतात, तोच ८५ तिथे जास्त अंगावर येतो, आणि छोट्या रूममध्ये मिक्स करणारे लोक स्वतःसुद्धा ८२ किंवा ७९ वर काम करतात.

आता ८५ सेफ असतात हे. इथे दोन वेगवेगळे ८५ एकत्र कालवलेत. अमेरिकेतल्या नायॉश या कामगारांच्या आरोग्याच्या संस्थेची शिफारस आहे ती ए-वेटिंगवर (खालचे, घुमणारे आवाज कमी धरणारी सेटिंग) ८ तासांच्या सरासरीची, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ८८ ला ४ तास आणि १०० ला फक्त १५ मिनिटं. प्रोसेसरचा ८५ म्हणजे एका चॅनलचा टेस्ट सिग्नल, तोसुद्धा फुल लेव्हलच्या (रेकॉर्डिंगमध्ये मावणाऱ्या कमाल आवाजाच्या) २० डेसिबल खाली. त्यामुळे ७ वर एकेक स्क्रीन चॅनल १०५ पर्यंत जाऊ शकतो आणि सबवूफर ११५ पर्यंत. अख्खा पिक्चर काही तिथे नसतो, शांत पिक्चर ७ वर छान चालतो, मी पण तसाच ऐकीन. पण सतत आदळआपट असलेल्या पिक्चरला ‘८५ च तर आहे’ म्हणणं सरळ चूक आहे.

डायलॉगचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण तो खरा आहे. त्या फेडरवर ७ वरून ४ वर आलात की १० डेसिबल जातात, कानाला आवाज जवळपास निम्मा वाटतो, एसीची घरघर वर येते आणि हळू बोललेली वाक्यं बुडतात (४ च्या खाली तर स्केल इतकं तीव्र आहे की अर्ध्या पॉइंटला १० डेसिबल उतरतात). पण डायलॉग जवळपास सगळा सेंटर चॅनलमधून, म्हणजे पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून, येतो. त्या स्पीकरचा हॉर्नचा ड्रायव्हर (वरचे, बारीक आवाज काढणारा भाग) थकलेला किंवा बंद असेल तर शब्दांमधले स, श, त, क पुसट होतात, मग ऑपरेटर काय करतो, डायलॉग कळावा म्हणून सगळंच वर नेतो आणि पुढच्या स्फोटाला लोक दचकतात. दुखणं सेंटरचं आणि औषध मेन फेडरला! आधी सेंटर दुरुस्त करा, परत कॅलिब्रेट करा, मग बघा तोच पिक्चर ५.५ ला सुद्धा कळतो का. अ‍ॅम्प क्लिप होत असेल (ताकदीबाहेर गेल्याने आवाज फाटत असेल) तरी तसंच, फाटलेला आवाज कमी डेसिबलला सुद्धा टोचतो.

आणि फेडर खाली का येतो हे त्या दाव्यात कुठेच नाही. बहुतेक वेळा ट्रेलर आणि जाहिरातींमुळे. त्यांनाही मर्यादा आहेत, ट्रेलरला टासा या ट्रेलरच्या आवाजाचे नियम ठरवणाऱ्या संघटनेची ८५ आणि जाहिरातींना सावा या थिएटर जाहिरातींच्या संघटनेची ८२, एलईक्यूएम पद्धतीने (कानाला टोचणाऱ्या आवाजांना जास्त वजन देऊन) मोजून, पण ती सरासरी असते त्यामुळे थोडा वेळ शांत ठेवून उरलेल्यात धडाका लावता येतो. लोक तक्रार करतात, फेडर ४.५ वर येतो आणि पिक्चर सुरू झाल्यावर कोणी परत वर नेत नाही. पिक्चर चालवणाऱ्या सर्व्हरच्या प्लेलिस्टमध्ये ट्रेलरला एक आणि पिक्चरला वेगळा फेडर क्यू (फेडर आपोआप हलवणारी सूचना) टाकता येतो, पाच मिनिटांचं काम आहे.

‘घरी बघा’ हे तर मला अजिबात पटत नाही. तिकीट लहान मुलं घेऊन आलेल्यांनी पण काढलंय, हिअरिंग एड लावणाऱ्यांनी पण काढलंय. मीटर लावला तो रिकाम्या हॉलमधल्या एका जागी, आणि माणसं बसलीयत सराउंडच्या बरोब्बर खाली किंवा पहिल्या रांगेत, शिवाय भरलेल्या हॉलमध्ये कपडे आणि अंगं आवाज थोडा पितात (गादीच्या खुर्च्या असल्या तर फरक कमी पडतो). म्हणून पिक्चर सुरू झाल्यावर कोणीतरी आत जाऊन भिंतीकडच्या सीटवर बसून एक डायलॉगचा सीन आणि एक मारामारीचा सीन ऐकायला हवा, मग अर्धा-अर्धा पॉइंट हलवायचा. ७ वरून ६.५ म्हणजे जेमतेम पावणेदोन डेसिबल, त्याने कोणाचाही पिक्चर मरत नाही.