‘औषधाने सुटतं’ या मेसेजबद्दल खुलासा

दांडिया बाजारातल्या आपल्या मराठी ग्रुपवर फिरतंय: ‘समलिंगी असणं गुन्हा आहे, पण औषधाने सुटतं, अशांच्या लग्नाला मान्यता नाही.’

पहिल्या दोन्ही गोष्टी चूक. सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे समलिंगी संबंध सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी गुन्ह्यातून वगळले. ‘मी असा आहे’ असं घरी सांगणं तर त्याआधीही गुन्हा नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता १९९० सालीच आजारांच्या यादीतून काढली. उलट ‘बरं करून देतो’ म्हणणारा डॉक्टरच अडचणीत येईल: राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२मध्ये असे उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. लग्नाची ओळ मात्र खरी आहे. न्यायालयाने २०२३मध्ये ती मागणी मान्य केली नाही.

आणि काका, फॉरवर्ड करण्याआधी घरातल्या पोराला विचारायचं होतंत.