हवेत फुकट, मग गोणीत विकत का?

मृग जवळ आला की हा मेसेज उगवतोच: हवेत 78 टक्के नायट्रोजन फुकट आहे, उरलासुरला विजेचा पाऊस देतो, तरी शेतकऱ्याच्या गळ्यात युरियाचं विष मारतात. आमच्या ग्रुपवर यंदा तीनदा आला.

78 टक्के खरंच आहे. पण तो दोन अणूंच्या जोडीत, तिहेरी बंधाने जखडलेला. पिकाला हवा नायट्रेट नाहीतर अमोनियम, म्हणजे ऑक्सिजनशी किंवा हायड्रोजनशी संयुग झालेला. ती जोडी कुठलंच पीक स्वतः फोडत नाही. कारखान्यात त्याला 400-500 अंश उष्णता आणि हवेच्या दीडशे-दोनशे पट दाब लागतो. जर्मनीत ओप्पाऊला 1913 साली हे मोठ्या प्रमाणावर जमलं.

‘मग सोयाबीनला कसा मिळतो?’ रास्त प्रश्न. महिना-दीड महिन्याचं रोप मातीसकट उकरून काढा, मुळावरची गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल निघाली तर रायझोबियमचं, म्हणजे ती जोडी फोडून पिकाला नायट्रोजन देणाऱ्या जिवाणूंचं, काम चालू. पांढरी किंवा हिरवट निघाली तर नाही. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच कुळातल्या प्रथिनाचा. तूर, हरभऱ्यालाही गाठी येतात. ऊस, कापूस, ज्वारीला नाहीत. जमिनीतले इतर जिवाणू थोडाफार हातभार लावतात, तेवढ्यावर ऊस निघत नाही.

विजेचं म्हणाल तर ती कडाडली की नायट्रिक ऑक्साइड बनतो आणि पावसातून नायट्रेट उतरतं, हे बरोबर. पण वर्षाकाठी हेक्टरी मोजके किलो. सुरू (हिवाळ्यात लावलेल्या) उसाला नायट्रोजनची शिफारस आहे हेक्टरी 250 किलो.

आता ‘विष’. हाच मेसेज पाठवणारे गोमूत्राचे गोडवे गातात, आणि गोमूत्रात असतो तो युरियाच! शेणखतातला नायट्रोजनही शेवटी अमोनियम-नायट्रेट होऊनच मुळात शिरतो. शेणखत जमीन भुसभुशीत करतं, ते युरियाला जमत नाही, म्हणून ते घालाच. पण त्यात नायट्रोजन जेमतेम अर्धा टक्का. युरियाच्या 45 किलोच्या एका गोणीत जवळपास 21 किलो. तेवढ्यासाठी शेणखत चार टन लागेल.

एका बाबतीत मात्र मेसेजवाल्यांची तक्रार खरी आहे. ओल्या रानात युरिया वरवर फेकला आणि मातीआड केला नाही, तर त्याचा अमोनिया होऊन उडतो. बांधावर उभं राहिलं तरी कधी कधी नाकाला झोंबतो. जादा दिलेलं नायट्रेट विहिरीत झिरपतं. पण हा दोष हाताचा आणि मापाचा. गोमूत्र फवारणाऱ्या शेजारच्या बांधावरच्या काकांना हे सगळं सांगितलं, तर म्हणाले, ‘म्हणजे मी इतकी वर्षं पातळ युरियाच फवारतोय?’