‘शाल-श्रीफळाचा रतीब’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

युद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांच्या आणि खेळाडूंच्या सन्मानाविषयी मी लिहिलेल्या लेखावर आपण ‘स्पष्टवक्ता’ या नावाने चार परिच्छेदांची प्रतिक्रिया दिलीत. तिचे पहिलेच वाक्य असे आहे : “हा सगळा शाल-श्रीफळाचा रतीब सत्कार करणाऱ्यांच्या समाधानासाठी असतो, ज्याचा पाय गेला त्याच्या पदरात काही पडत नाही.” मतभेदाला माझी हरकत नाही. परंतु लिहिणाऱ्याच्या घरात काय घडून गेले असेल, याचा क्षणभरही विचार न करता ‘रतीब’ हा शब्द आपल्या लेखणीतून उतरला, याचे वाईट वाटते. स्पष्ट बोलणाऱ्याला टोपणनाव कशाला लागते, हे मी विचारत नाही.

आधी माझी चूक. हंगेरीचा नेमबाज कारोय टाकाच याचा उजवा हात युद्धात निकामी झाला, असे मी लिहिले होते. प्रत्यक्षात ती दुर्घटना 1938 मध्ये, लष्करी सरावात हातबॉम्ब फुटल्याने झाली. आपले म्हणणे बरोबर आहे आणि लेखात दुरुस्ती केली आहे. त्यानंतर डाव्या हाताने त्याने 1948 आणि 1952 या दोन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवले, त्याला या दुरुस्तीने बाधा येत नाही.

आता ‘पदरात काही पडत नाही’ याविषयी. माझे थोरले काका सैन्यात होते. सुरुंगाच्या स्फोटात त्यांचा डावा पाय गुडघ्याखालून गेला. वर्षातून एकदा त्यांना सत्काराचे बोलावणे येई आणि आदल्या रात्री ते दोन्ही बुटांना पॉलिश करायला बसत. कृत्रिम पावलातल्या बुटाला चवड्यापाशी घडी पडत नसे, त्यामुळे तो कायम नवा दिसे, आणि उजवा त्याच्या तोडीला आणण्यासाठी ते अर्धा-अर्धा तास घासत राहत. पॉलिशची डबी धरून मी समोर बसलेलो असे. ज्याच्या पदरात काही पडणार नाही, तो माणूस असा बसतो का? एके वर्षी व्यासपीठाच्या पायऱ्यांना कठडा नव्हता, म्हणून इतरांचा सत्कार वर झाला आणि काकांच्या खांद्यावर शाल खालीच टाकली गेली. त्या रात्री ते जेवले नाहीत. तरी पुढच्या वर्षी डबी निघालीच. ही हकिगत आपल्या बाजूची आहे, असे आपण म्हणाल. खुशाल म्हणा, ती सांगण्याचा अधिकार तरी माझा आहे.

उपचार आणि मान ही दोन वेगळी खाती आहेत, असे आपण गृहीत धरता. इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिलच्या रुग्णालयात डॉक्टर लुडविग गुटमन पाठीचा कणा दुखावलेल्या सैनिकांना शय्याव्रण, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा, होऊ नयेत म्हणून रात्रंदिवस दर दोन तासांनी कुशीवर वळवायला लावत, आणि त्याच माणसाने 29 जुलै 1948 रोजी, लंडन ऑलिंपिकचे उद्घाटन होत असताना, 16 जायबंदी सैनिकांच्या हाती धनुष्यबाण देऊन सामना भरवला. आपल्या मुरलीकांत पेटकरांचेही तसेच. सैन्यातला हा मुष्टियोद्धा 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाला, उपचार म्हणून पाण्यात उतरला आणि 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक घेऊन आला. पद्मश्री मिळाली 2018 मध्ये. रतीब रोज सकाळी येतो, महाशय. इथे 46 वर्षे भांडे उंबऱ्यावर रिकामे होते.

उरलेल्या तीन परिच्छेदांत आपण अपंगत्व निवृत्तिवेतन, टक्केवारी ठरवणारे वैद्यकीय मंडळ, कृत्रिम अवयवांची दुरुस्ती आणि सार्वजनिक जागी रॅम्प नसणे यांविषयी लिहिले आहे. ते विषय महत्त्वाचे असतील, पण माझ्या लेखाचे नव्हते. स्वयंपाक आवडला नाही म्हणून यजमानाच्या घराचे छप्पर तपासायला निघावे, तसा हा प्रकार आहे. त्यावर आपण स्वतंत्र लेख लिहावा. आपल्याजवळ वेळ बराच दिसतो.

टाकाचविषयीची दुरुस्ती आपल्या टोपणनावासह लेखाच्या तळाशी नोंदवली आहे. खरे नाव कळवल्यास तेही घालीन.