‘मानस’चा ‘माणूस’ होऊ नये म्हणून

विकीच्या (टीमने मिळून लिहायच्या वेबसाइटच्या) पानावर व्हिडिओ चढवला की तो आपोआप कॅप्शनच्या टूलकडे (बोलणं ऐकून पडद्यावरचा मजकूर लिहिणाऱ्या) जावा आणि तयार फाइल त्याच पानावर परत यावी, ही विकीला कॅप्शनचं टूल जोडण्याबद्दलच्या लेखातली मांडणी पटली. गोव्यातल्या फोंड्यात आमची छोटी टीम खाजन शेतीवर (खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीवर) माहितीपट करते, तिथे हेच बसवलंय. दोन गोष्टी मात्र लेखात यायला हव्या होत्या.

पहिली म्हणजे चक्र. कॅप्शन पानावर आली की पान ‘बदललं’ असं धरलं जातं, वेबहूक (पान बदललं की टूलला आपोआप जाणारा निरोप) पुन्हा सुटतो आणि तोच व्हिडिओ परत टूलकडे जातो. टूलवरची आमची महिन्याची ठरलेली मिनिटं एका रात्रीत संपली. आता बॉटच्या खात्याने, म्हणजे कॅप्शन पानावर टाकणाऱ्या प्रोग्रामने, केलेले बदल आम्ही गाळतो.

दुसरी माझ्या जास्त जिव्हाळ्याची, शब्दांची. खाजनाच्या बांधाला भरती-ओहोटीचं पाणी आत-बाहेर सोडणारं दार असतं, त्याला मानस म्हणतात. टूलने सगळीकडे ‘माणूस’ लिहिलं! ऐकू न येणारा प्रेक्षक फक्त कॅप्शनवर अवलंबून असतो, त्याच्यापर्यंत काय पोचलं असेल? म्हणून विकीवर शब्दसूचीचं एक पान केलं: मानस, पोय असे खाजनातले शब्द आणि पेडणे, डिचोली अशी गोव्यातली गावांची नावं. दर वेळी व्हिडिओबरोबर ती यादीही टूलकडे जाते. चुका बऱ्याच कमी झाल्या, तरी ‘तपासलं’ हे लेबल माणसाने लावल्याशिवाय कॅप्शन प्रसिद्ध होत नाही.

आणि हो, कॅप्शनची फाइल एसआरटी प्रकारातून व्हीटीटी प्रकारात नेताना वेळेतल्या मिलिसेकंदांच्या आधीचा स्वल्पविराम काढून टिंब द्यावं लागतं. नुसतं फाइलचं नाव बदलून चालत नाही.